मत घडवणारी माणसे : लॉबिंग कसे चालते

लोकप्रतिनिधी आणि धोरण ठरवणारे अधिकारी यांचे मत एखाद्या गटाच्या बाजूने वळवण्यासाठी पद्धतशीरपणे, सातत्याने आणि बहुधा मोबदला घेऊन केलेले काम म्हणजे लॉबिंग. ते करणारा लॉबिस्ट कंपनीचा पगारी नोकर असू शकतो, व्यापारी संघटनेचा पदाधिकारी असू शकतो किंवा एकाच वेळी अनेक ग्राहकांची कामे पाहणाऱ्या फर्मचा भागीदार असू शकतो. रुग्णांच्या किंवा पर्यावरणाच्या संघटनेचा कार्यकर्ताही हेच काम करतो. लाच हा गुन्हा आहे. लॉबिंग मात्र बहुतेक लोकशाही देशांत कायदेशीर आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ मध्ये झालेल्या पहिल्या दुरुस्तीने सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क नागरिकांना दिला आणि तिथला लॉबिंगचा सारा व्यवसाय त्याच हक्काच्या आधारावर उभा आहे. गोपाळ कृष्ण गोखले १९०६ मध्ये लंडनला गेले, भारतमंत्री मोर्ले यांना भेटले आणि कायदेमंडळांच्या सुधारणांसाठी बाजू मांडत राहिले, तेही याच जातीचे काम होते. त्यामुळे लॉबिंग होते की नाही, यापेक्षा ते कोणाला परवडते आणि कशामुळे लागू पडते हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

या व्यवसायाची सर्वांत जास्त माहिती अमेरिकेबद्दल उपलब्ध आहे, कारण तिथे लॉबिस्टना नोंदणी करावी लागते आणि खर्च जाहीर करावा लागतो. वॉशिंग्टनमध्ये बारा हजारांहून अधिक नोंदणीकृत लॉबिस्ट आहेत आणि केंद्रीय पातळीवरील लॉबिंगचा जाहीर खर्च अलीकडच्या वर्षांत चार अब्ज डॉलरच्या वर गेला आहे. एवढा पैसा जातो कुठे, असा प्रश्न साहजिक पडतो. नोटांनी भरलेल्या बॅगांची कल्पना लोकांच्या मनात पक्की बसलेली आहे, पण या खर्चाचा मोठा भाग पगारांवर जातो. कायदा वाचणारी, मसुदे लिहिणारी, आकडेवारी जमवणारी आणि संसदेतल्या कोणत्या दारावर कधी थाप मारायची हे जाणणारी माणसे नेमण्यासाठी तो होतो.

अशा माणसांची गरज का पडते, हे लोकप्रतिनिधीच्या दिवसाकडे पाहिले की कळते. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात ४३५ सदस्य आहेत. दर दोन वर्षांच्या मुदतीत तिथे हजारो विधेयके मांडली जातात. एकाच सदस्याला सकाळी औषधांच्या पेटंटवर, दुपारी पीकविम्यावर आणि संध्याकाळी उपग्रहांच्या लहरींवर मत द्यावे लागते. यांतल्या एखाद्या विषयात त्याला गती असते. बाकीचे विषय त्याला कोणीतरी समजावून सांगावे लागतात. त्याच्या कार्यालयातील सहायक बहुधा तरुण असतात, त्यांचा पगार बेताचा असतो आणि काही वर्षांत ते नोकरी बदलतात. लॉबिस्ट मात्र त्याच एका विषयात वीस-वीस वर्षे मुरलेला असतो.

तो भेटीला येतो तेव्हा बहुधा एका पानाचे टिपण घेऊन येतो. विधेयकातले कोणते कलम अडचणीचे आहे, त्याऐवजी कोणते शब्द चालतील, सदस्याच्या मतदारसंघातील किती नोकऱ्या त्यावर अवलंबून आहेत, समितीतील आणखी कोण अनुकूल आहे, हे सारे त्या पानावर असते. सुनावणीत साक्षीदाराला विचारायचे प्रश्न तो तयार करून देतो, भाषणाचे मुद्दे काढून देतो. विरोधक काय म्हणतील हेही तो आधीच सांगतो, कारण ते लपवले आणि सदस्य सभागृहात तोंडघशी पडला, तर लॉबिस्टला पुन्हा त्या दारात उभे केले जात नाही. चांगला लॉबिस्ट सहसा खोटे बोलत नाही. तो निवडून खरे बोलतो.

रिचर्ड हॉल आणि ॲलन डिअरडॉर्फ या अभ्यासकांनी २००६ मध्ये या साऱ्याकडे अनुदान म्हणून पाहण्याची मांडणी केली. त्यांच्या मते लॉबिस्ट आपल्याशी आधीच सहमत असलेल्या सदस्यांकडे जास्त जातो आणि त्यांना माहिती, मनुष्यबळ आणि वेळ फुकट पुरवतो. कट्टर विरोधकाचे मन वळवण्यात तो शक्ती फार घालवत नाही. ही मांडणी महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे प्रभावाची खरी जागा दिसते. एखाद्या सदस्याला स्वस्त औषधे, शाळांचे अनुदान, बँकांवरील नियंत्रण आणि निर्यातवाढ अशा वीस गोष्टी मनापासून हव्या असतात. त्यांतल्या दोन-तीन गोष्टींपुरताच वेळ त्याच्याकडे असतो. ज्या गोष्टीसाठी टिपण तयार आहे, मसुदा तयार आहे, पाठिंबा देणाऱ्यांची यादी तयार आहे, ती गोष्ट पुढे सरकते. बाकीच्या मनातच राहतात. सदस्याचे मत विकत घेतले गेलेले नसते. त्याने कोणत्या मतासाठी राबायचे, हे मात्र दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते.

या मदतीचे टोक २०१३ मध्ये दिसले. २००८ च्या आर्थिक संकटानंतर बँकांच्या जोखमीच्या व्यवहारांवर जे निर्बंध आले होते, त्यांतला एक निर्बंध सैल करणारे विधेयक प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे आले. सिटीग्रुप या बँकेच्या लॉबिस्टनी सुचवलेला मजकूर विधेयकाच्या सुमारे ८५ ओळींपैकी ७० हून अधिक ओळींत उतरला होता, असे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ई-मेलच्या आधारे दाखवून दिले. त्यातले दोन परिच्छेद जवळजवळ शब्दशः तसेच होते. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये ही तरतूद सरकारी खर्चाच्या एका अवाढव्य विधेयकात घालून मंजूर करून घेण्यात आली.

अशी परकी मदत किती लागते, हे संसदेजवळ स्वतःचे किती ज्ञान आहे यावरही ठरते. अमेरिकन संसदेने १९७२ मध्ये तंत्रज्ञानविषयक मूल्यमापनासाठी स्वतःचे एक कार्यालय उभारले होते. शास्त्रज्ञ आणि अभियंते तिथे निःपक्ष अहवाल तयार करीत. १९९५ मध्ये काटकसरीच्या नावाखाली ते बंद करण्यात आले आणि प्रतिनिधीगृहातील समित्यांचे कर्मचारी सुमारे एक-तृतीयांशाने कमी केले गेले. सरकारचा पसारा कमी करण्याचा तो उत्साह होता. प्रत्यक्षात त्याने संसदेलाच आंधळे केले, आणि मोकळ्या झालेल्या जागा ज्यांच्याकडे तज्ज्ञ नेमण्याचे पैसे होते त्यांनी भरल्या. त्या दशकातील सर्वांत दूरगामी चुकांमध्ये या निर्णयाची गणना करायला हवी.

टिपण कितीही चांगले असले तरी ते वाचायला वेळ मिळाला पाहिजे, आणि इथे पैशाचा संबंध येतो. अमेरिकेत निवडणुकीचा खर्च उमेदवाराने देणग्यांतून उभा करायचा असतो. देणगी आणि मतदान यांचा थेट सौदा सिद्ध करणे कठीण असते. देणगी आणि भेट यांचा संबंध मात्र एका प्रयोगातून दिसला. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी एका संघटनेच्या मदतीने १९१ सदस्यांच्या कार्यालयांकडे भेटीची विनंती पाठवली. काही कार्यालयांना भेटायला येणारे लोक मतदारसंघातील नागरिक आहेत असे कळवले, तर काहींना ते देणगीदार आहेत असे कळवले. माणसे तीच होती. देणगीदार म्हटल्यावर सदस्य किंवा वरिष्ठ सहायक स्वतः भेटण्याचे प्रमाण तिपटीहून अधिक झाले. सामान्य नागरिकांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी कनिष्ठ सहायक आला.

पैशाइतकीच मोलाची असते ती ओळख. अनेक लॉबिस्ट पूर्वी खासदार किंवा खासदारांचे सहायक राहिलेले असतात. एखाद्या सिनेटरकडे काम केलेला माणूस लॉबिस्ट झाला आणि नंतर तो सिनेटर पायउतार झाला, तर त्या लॉबिस्टची कमाई सरासरी २४ टक्क्यांनी घसरते, असे २०१२ मधील एका अभ्यासात आढळले. माणसाचे ज्ञान एका रात्रीत कमी होत नाही. कमी होते ते वजन. हीच देवघेव दुसऱ्या दिशेनेही चालते. आज कार्यालयात बसलेला सहायक उद्याच्या नोकरीचा विचार करीत असेल, तर समोर बसलेल्या लॉबिस्टशी तो कसा वागेल, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

या व्यवहाराचे सर्वांत ठळक उदाहरण २००३ च्या औषधविषयक कायद्यात मिळते. अमेरिकेतील वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना आहे आणि तिच्यात औषधांचा खर्च समाविष्ट करण्याचे ते विधेयक होते. सरकार हा औषधांचा प्रचंड मोठा ग्राहक होणार होता. मोठा ग्राहक भाव पाडून मागतो, ही बाजारातली साधी रीत आहे. कायद्यात मात्र अशी तरतूद घालण्यात आली की, सरकारने औषध कंपन्या आणि विमा योजना यांच्यातील किमतींच्या वाटाघाटीत हस्तक्षेप करू नये. २२ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे तीनच्या सुमारास प्रतिनिधीगृहात मतदान सुरू झाले. एरवी पंधरा मिनिटांत आटोपणारे मतदान जवळजवळ तीन तास उघडे ठेवण्यात आले. विधेयक पडते असे दिसत होते, तेव्हा सभागृहात फिरून एकेका सदस्याची मनधरणी चालली होती. उजाडता उजाडता ते २२० विरुद्ध २१५ मतांनी मंजूर झाले. त्याच्या आखणीत मोठा वाटा असलेल्या समितीचे अध्यक्ष बिली टॉझिन जानेवारी २००५ मध्ये औषध कंपन्यांच्या मुख्य संघटनेचे प्रमुख झाले. सरकारला काही औषधांच्या किमतींबाबत वाटाघाटी करण्याचा अधिकार मिळायला ऑगस्ट २०२२ उजाडले आणि पहिल्या दहा औषधांच्या वाटाघाटीने ठरलेल्या किमती जानेवारी २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. इतकी वर्षे टिकलेले ते एक कलम त्या व्यवसायाने केलेल्या कोणत्याही खर्चाच्या मानाने स्वस्तच पडले.

कार्यालयातील भेटीगाठींना बाहेरच्या दबावाची जोड दिली जाते. लोकप्रतिनिधीला मतदारांची भीती असते, म्हणून मतदारांचाच आवाज त्याच्यापर्यंत पोचवला जातो. १९९३-९४ मध्ये क्लिंटन सरकारच्या आरोग्य योजनेविरुद्ध विमा कंपन्यांच्या संघटनेने दूरचित्रवाणीवर जाहिराती दाखवल्या. त्यांत हॅरी आणि लुईस नावाचे मध्यमवर्गीय जोडपे घरात बसून योजनेबद्दल चिंता करताना दिसे. जाहिराती घराघरांत पोचल्या आणि योजना बारगळली. कधी हा आवाज चक्क बनावट असतो. २००९ मध्ये हवामानबदलाच्या विधेयकावर मतदान होणार होते, तेव्हा व्हर्जिनियाचे सदस्य टॉम पेरिएलो यांना त्यांच्या भागातील अल्पसंख्याकांच्या संघटनांच्या नावाने विरोधाची पत्रे आली. कोळसा उद्योगाच्या आघाडीसाठी काम करणाऱ्या एका फर्मकडून ती गेली होती, आणि त्या संघटनांनी ती लिहिलेलीच नव्हती.

एवढे सगळे असूनही ज्याचा खर्च जास्त त्याचा विजय, असे सरळ गणित मांडता येत नाही. फ्रँक बॉमगार्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनमधील ९८ धोरणविषयक प्रश्नांचा काही वर्षे पाठपुरावा केला. त्यांचे पुस्तक २००९ मध्ये आले. निम्म्याहून अधिक प्रश्नांत शेवटी काहीच बदलले नाही, असे त्यांना आढळले. बदल घडवून आणणे श्रीमंत गटांनाही जड जाते. मात्र यातून निघणारा अर्थ दिलासा देणारा नाही. आहे ती व्यवस्था आधीच बलवानांच्या सोयीची असते, म्हणून बदल रोखला तरी त्यांचे काम होते. कायदा हाणून पाडण्याची गरज नसते. तो एक वर्ष लांबला तरी पुरते.

लांबवण्याचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे शंका, आणि ते तंत्र तंबाखू उद्योगाने घडवले. सिगारेट आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारे संशोधन पुढे येऊ लागल्यावर डिसेंबर १९५३ मध्ये मोठ्या अमेरिकन कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले. हिल अँड नोल्टन या जनसंपर्क फर्मचा सल्ला घेण्यात आला. ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत एक निवेदन झळकले : लोकांचे आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, पण पुरावा निर्णायक नाही, आणखी संशोधन हवे. उद्योगाने स्वतःची संशोधन समितीही स्थापली. राजकारण्याला यापेक्षा सोयीची भूमिका मिळणे कठीण. त्याला सिगारेटची बाजू घ्यावी लागत नाही. ‘आधी अभ्यास होऊ द्या’ एवढेच म्हणायचे असते आणि ते वाक्य जबाबदारीचे वाटते.

भारतात हेच वाक्य साठ वर्षांनी ऐकू आले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिसूचना काढली की, १ एप्रिल २०१५ पासून तंबाखूजन्य पदार्थांच्या पाकिटाच्या दोन्ही दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याने व्यापलेला असावा. तोवर इशारा एकाच बाजूच्या ४० टक्के भागावर असे. नियम लागू होण्याच्या तोंडावर लोकसभेच्या अधीनस्थ विधिविधान समितीने तो थांबवण्याची शिफारस केली आणि सरकारने तो थांबवला. समितीचे अध्यक्ष अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी यांनी सांगितले की, तंबाखू आणि कर्करोगाचा संबंध दाखवणारे सगळे अभ्यास परदेशी आहेत, भारतीय परिस्थितीचा अभ्यास झाला पाहिजे. समितीचे एक सदस्य, अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता, स्वतः विडी उद्योजक होते. भारतीय अभ्यास नाहीत हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नव्हते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टर तंबाखूने होणाऱ्या मुखकर्करोगावर कित्येक दशके लिहीत आले आहेत. विडी कामगारांच्या रोजगाराचा मुद्दाही पुढे करण्यात आला. सोलापूर, संगमनेर, सिन्नर, गोंदिया अशा भागांत विड्या वळणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे आणि त्यांचे हाल खरे आहेत. पण त्यांच्या मजुरीसाठी किंवा पर्यायी कामासाठी त्या उद्योगाने एवढी धावपळ कधी केली नव्हती.

या लढाईत दुसरी बाजूही लॉबिंग करीत होती. टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सकांच्या पुढाकाराने तंबाखूच्या बळींची चळवळ उभी राहिली होती. जबडा किंवा स्वरयंत्र गमावलेले रुग्ण मंत्र्यांना आणि खासदारांना प्रत्यक्ष भेटत. सरकारी जाहिरातीत झळकलेल्या मध्य प्रदेशातील एका तरुण रुग्ण स्त्रीने इशारे लांबणीवर टाकल्याबद्दल पंतप्रधानांना पत्र लिहिले. ज्या दिवशी ते इशारे लागू व्हायचे होते, त्याच १ एप्रिल २०१५ ला टाटा रुग्णालयात तिचे निधन झाले. राजस्थान उच्च न्यायालयाने मध्ये पडून अंमलबजावणीचा आदेश दिला. मार्च २०१६ मध्ये समितीने आपल्या अहवालात इशारा ५० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची शिफारस केली, पण ती बाजूला ठेवून १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा नियम लागू झाला. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. उद्योग हरला, पण एक वर्ष त्याने मिळवले.

हा प्रकार समितीत घडला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे भारतीय खासदाराला सभागृहात पक्षादेश मोडून मतदान करता येत नाही. अमेरिकेत एकेका सदस्याचे मत मिळवण्यासाठी पहाटेपर्यंत धडपड होते. इथे एका खासदाराचे मन वळवून मतदानाचा निकाल बदलत नाही. त्यामुळे इथले लॉबिंग मंत्री, सचिव आणि पक्षश्रेष्ठी यांच्याभोवती फिरते, आणि खासदारापर्यंत पोचते ते प्रामुख्याने संसदीय समित्यांमध्ये, कारण तिथे पक्षादेश लागू नसतो आणि बैठका बंद दाराआड होतात. खासदाराच्या हाताशी स्वतःचा संशोधक नसतो. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’सारख्या संस्थेने ही उणीव थोडीफार भरून काढली आहे, उरलेल्या जागेत फिक्की, सीआयआय यांसारख्या उद्योगसंघटनांची टिपणे पोचतात.

महाराष्ट्रातील साखर उद्योगात तर मध्यस्थाची गरजच फारशी उरत नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याचा पाया घातला, आणि पुढच्या दोन पिढ्यांत कारखान्याचा अध्यक्ष हाच आमदार, खासदार किंवा मंत्री हा शिरस्ता पडला. साखर संघाचे शिष्टमंडळ मंत्र्यांना निवेदन द्यायला जाते, तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंना कारखानदारच बसलेले असू शकतात. याचा फायदा ऊस उत्पादकालाही झाला, हे नाकारता येत नाही. परंतु पाण्याच्या वाटपासारख्या प्रश्नात ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या वतीने त्या टेबलाशी कोण बसते, याचे उत्तर राज्याला अजून देता आलेले नाही.

लॉबिंगवर बंदी घालणे शक्य नाही, म्हणून बहुतेक देशांनी ते उघड करण्याचा मार्ग धरला. अमेरिकेने १९४६ चा ढिला कायदा बाजूला सारून १९९५ मध्ये नोंदणी आणि खर्च जाहीर करणे सक्तीचे केले. जॅक अब्रॅमॉफ या लॉबिस्टने २००६ मध्ये भ्रष्टाचाराची कबुली दिल्यानंतर २००७ मध्ये नियम आणखी कडक झाले : दर तिमाहीला अहवाल, भेटवस्तूंवर बंधने, आणि पद सोडल्यावर सिनेटरने दोन वर्षे, तर प्रतिनिधीने एक वर्ष आपल्या जुन्या सहकाऱ्यांकडे लॉबिंग करायचे नाही. या अहवालात विषय आणि रक्कम कळते. कोणत्या सदस्याची भेट घेतली आणि काय मागितले, हे कळत नाही. चिलीने २०१४ च्या कायद्यात ही उणीव ओळखून जबाबदारी उलट बाजूला टाकली. तिथे मंत्री आणि अधिकारी यांनी आपल्याला कोण, कोणत्या विषयावर भेटले, याची नोंद जाहीर करायची असते. ही पद्धत अधिक शहाणपणाची आहे, कारण ज्याच्याकडे सत्ता आहे त्याच्याकडूनच ती हिशेब मागते.

भारतात लॉबिंगची नोंद करणारा कायदा नाही. वॉलमार्टने भारतीय बाजारपेठेत प्रवेश मिळण्यासह अनेक विषयांवर अमेरिकन लोकप्रतिनिधींकडे लॉबिंग करण्यासाठी २००८ पासून सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केल्याचे डिसेंबर २०१२ मध्ये उघड झाले. तेही अमेरिकन कायद्यानुसार दिलेल्या अहवालांतून कळले. संसदेत गदारोळ झाला, न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमली गेली, पण तिच्या हाती ठोस काही लागले नाही. लॉबिंगची माहिती जाहीर करणे सक्तीचे करणारे खासगी विधेयक कलिकेश सिंह देव या खासदारांनी २०१३ मध्ये आणले. त्याचा कायदा झाला नाही. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने ठरवले की, प्रत्येक विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवून सूचना मागवाव्यात. हे धोरण बंधनकारक नसल्याने अनेक विधेयके त्या टप्प्याशिवायच सभागृहात येतात, आणि मसुदा तयार होत असताना मंत्रालयात कोण येऊन गेले, याची नोंद नागरिकाला कुठेच पाहायला मिळत नाही.